क्वेरी लिहायचा सराव मजेत कसा करावा? (पगाराचं टेबल सोडून काहीही चालेल)

मुक्ता_नाशिक

नमस्कार मंडळी,

मी अकाउंट्समध्ये आहे. एक्सेल बऱ्यापैकी येतं, पिव्हट आणि व्हीलुकअप तर डोळे मिटून. आता ऑफिसात डेटाबेस बघायची परवानगी मिळाली आहे आणि "आयटीवाल्यांच्या मागे लागू नका, रिपोर्ट स्वतः काढा" असा आदेशही निघालाय. म्हणून एसक्यूएलचा (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायच्या भाषेचा) एक व्हिडिओ कोर्स केला. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, जॉइन सगळं बघताना कळतं. सरावाला बसलं की मात्र जिथे तिथे तेच: एम्प्लॉयी टेबल, डिपार्टमेंट टेबल, दुसऱ्या क्रमांकाचा पगार कोणाचा? असेना का कोणाचाही! दहा मिनिटांत जांभया सुरू.

ज्यात उत्तर शोधावंसं वाटेल असं काही आहे का? फुकट असेल तर उत्तम. घरचा लॅपटॉप जुना आहे, जड काही चालणार नाही.

---

चौकस

आधी खून सोडवा. :)

"एसक्यूएल मर्डर मिस्टरी" असं शोधा. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने केलेला खेळ आहे. ब्राउझरमध्येच चालतो, काही बसवावं लागत नाही. १५ जानेवारी २०१८ ला एसक्यूएल सिटी नावाच्या गावात खून झालाय आणि पोलिसांचा अहवाल तुमच्याकडून हरवलाय, एवढंच हातात असतं. पुढे साक्षीदारांचे जबाब, वाहन परवाने, जिममधल्या हजेरीच्या नोंदी अशी टेबलं एकमेकांना जोडत जायचं.

एक सल्ला. सुरुवातीला टेबलांची रचना दाखवणारा आराखडा दिलेला असतो, तो सोडून थेट क्वेरी लिहू नका. कोणत्या टेबलातली कोणती किल्ली (दोन टेबलं जोडणारा रकाना) कुठे जाते हे पाच मिनिटं कागदावर काढा. जॉइन कशासाठी असतो ते मला तिथे खऱ्या अर्थाने कळलं. खुनी सापडल्यावर खेळ संपत नाही, मागचा सूत्रधार जास्तीत जास्त दोन क्वेरींत शोधून दाखवा असं आव्हान येतं. तिथे खरी कसोटी आहे.

---

टवाळ_आळंदीकर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

चौकस

@टवाळ_आळंदीकर, प्रतिसाद काढलात ते बरं केलंत. खुन्याचं नाव जाहीर धाग्यावर लिहितात का कधी?

---

टवाळ_आळंदीकर

हलके घ्या. सूत्रधाराचं तरी कुठे सांगितलं होतं.

---

पेठेतले_काका

मुक्ताताई, खेळ छानच आहेत, चौकस यांचा पर्याय मी नातीलाही दिला होता. पण माझं मत थोडं वेगळं आहे. खुनाचं कोडं एकदा सुटलं की संपलं. हात बसायला आवृत्त्या लागतात, आणि त्या कंटाळवाण्याच असल्या पाहिजेत असा काही नियम नाही.

एसक्यूएलझू बघा. जगातले देश, त्यांची लोकसंख्या, नोबेल विजेते असे विषय आहेत, लगेच तिथेच उत्तर बरोबर की चूक कळतं. ते झालं की पीजी एक्सरसाइजेस. एका क्लबची फक्त तीन टेबलं आहेत: सभासद, सुविधा आणि बुकिंग. साध्या सिलेक्टपासून विंडो फंक्शन (आजूबाजूच्या ओळी बघून हिशेब करणारं) आणि रिकर्शनपर्यंत सगळे प्रश्न त्याच तीन टेबलांवर. रचना डोक्यात पक्की बसलेली असल्यामुळे सगळं लक्ष प्रश्नाकडे राहतं. टेनिस कोर्ट कोणी कधी बुक केलं यात जीव गुंतत नाही हे मान्य.

अवांतर: कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध १९७० सालचा, आणि आयबीएममध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी ही भाषा मांडली १९७४ मध्ये. मी नोकरीत शिकलेल्या बाकीच्या बहुतेक भाषा आता कोणी विचारत नाही, ही अजून रोज लागते.

---

यॉर्कर

काकांशी सहमत, पण जीव गुंतायला हवा असेल तर क्रिकेटला पर्याय नाही.

क्रिकशीट नावाच्या संकेतस्थळावर आयपीएलच्या प्रत्येक सामन्याचा प्रत्येक चेंडू सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत) फुकट मिळतो. एक ओळ म्हणजे एक चेंडू: तारीख, मैदान, डाव, स्ट्रायकर, नॉन-स्ट्रायकर, बोलर, बॅटमधून आलेल्या धावा, वाइड, नो-बॉल, बाद कसा झाला, कोण झाला. हे सगळं एसक्यूलाइटमध्ये घ्या. एसक्यूलाइट म्हणजे एक छोटी फाइल, सर्व्हर वगैरे काही नाही, तुमच्या फोनमध्येही तेच बसलेलं आहे. डीबी ब्राउझर हे मोफत सॉफ्टवेअर टाकलंत तर जुन्या लॅपटॉपवरही आरामात पळेल.

आता पहिला प्रश्न असा घ्यायचा की ज्याचं उत्तर आधीच पाठ आहे. २३ एप्रिल २०१३, बंगळूर, समोर आपले पुणे वॉरियर्स. गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ कुटल्या होत्या. (जखम अजून ओली आहे.) मोबाईलवरून लिहितोय, म्हणून क्वेरीही देवनागरीतच:

सिलेक्ट सम(धावा), काउंट(*)
फ्रॉम चेंडू
व्हेअर स्ट्रायकर = 'सीएच गेल'
अँड तारीख = '२०१३-०४-२३';

चालवून बघा आणि काय येतं ते इथे सांगा. मुद्दाम उत्तर देत नाही.

---

मुक्ता_नाशिक

काल रात्री खून सोडवला, सूत्रधारासह! दोन क्वेरींत जमलं नाही, पण जमलं.

@यॉर्कर, धावा बरोबर १७५ आल्या. चेंडू मात्र ६६ पेक्षा जास्त दाखवतंय. डेटा चुकलाय का?

---

यॉर्कर

डेटा बरोबर आहे. काउंटने ओळी मोजल्या. वाइड चेंडूचीही ओळ असते, पण तो फलंदाजाच्या खात्यात धरत नाहीत. नो-बॉल मात्र धरतात. म्हणजे वाइडचा रकाना रिकामा आहे एवढ्याच ओळी मोजायच्या. ६६ येतील.

या डेटात असे खड्डे जागोजागी आहेत आणि सगळी मजा त्यांच्यातच आहे. गोलंदाजाचे बळी काढायला "विकेट पडली" एवढी अट घालून मोजलंत तर धावबादही त्याच्याच नावावर जमा होतो. बरं, "कॉट" अशी अट घातलीत तर "कॉट अँड बोल्ड" गळतो, कारण तो वेगळा प्रकार म्हणून नोंदवलाय. गोलंदाजाने दिलेल्या धावांत बाय आणि लेगबाय येता कामा नयेत. सुपर ओव्हर तिसरा-चौथा डाव म्हणून त्याच टेबलात असते आणि तिच्यातल्या धावा अधिकृत विक्रमांत धरत नाहीत, त्यामुळे एखाद्याची एकूण बेरीज जगजाहीर आकड्यापेक्षा थोडी जास्त आली तर तिकडे बघा.

मग मोसम. पहिली आयपीएल एप्रिल २००८ मध्ये झाली, पण मोसमाच्या रकान्यात "२००७/०८" लिहिलेलं आहे. २०१० चं "२००९/१०", २०२० चं "२०२०/२१". मोसम आकडा समजून क्रम लावायला गेलात की घोळ. वर्ष तारखेतून काढा.

आणि पुणेकरांसाठी खास: संघांच्या नावांवर डिस्टिंक्ट लावा. २०१६ चा संघ रायझिंग पुणे सुपरजायंट्स, २०१७ चा रायझिंग पुणे सुपरजायंट. शेवटचा स गेला! त्या एका अक्षरापायी ग्रुप बाय पुण्याचे दोन तुकडे करतो, वॉरियर्स वेगळे. दिल्ली डेअरडेव्हिल्स २०१९ पासून कॅपिटल्स, पंजाब २०२१ पासून किंग्ज इलेव्हनऐवजी नुसते किंग्ज, बंगलोरचं २०२४ मध्ये बंगळुरू. वानखेडेही दोन आहेत, एक नुसतं आणि एक "मुंबई" जोडलेलं. यासाठी केस व्हेन लिहीत बसू नका, जुनं नाव आणि नवं नाव असं दोन रकान्यांचं छोटं टेबल करा आणि जॉइन मारा. ऑफिसात ग्राहकांची नावं "प्रा. लि." आणि "प्रायव्हेट लिमिटेड" अशी दोन तऱ्हांनी आलेली असतील ना? तेच औषध.

हे पचलं की हॅट्‌ट्रिक शोधा. लॅग हे विंडो फंक्शन वापरून त्याच गोलंदाजाच्या मागच्या दोन चेंडूंकडे बघायचं. पार्टिशन सामना आणि गोलंदाज यांच्यावर, म्हणजे षटक बदललं तरी साखळी तुटत नाही. तपासणी सोपी आहे: अमित मिश्राच्या तीन यायला हव्यात, २००८, २०११ आणि २०१३. तिसरी पुन्हा आपल्याच वॉरियर्सविरुद्ध. जाऊ दे.

---

अनुस्वार

वाचनखूण साठवली. क्रिकेट कळत नाही त्यांनी काय करायचं?

---

फलाट_क्रमांक_३

रेल्वे!

सरकारच्या डेटा डॉट जीओव्ही डॉट इन वर रेल्वेच्या वेळापत्रकाचं टेबल आहे. गाडी क्रमांक, थांब्याचा अनुक्रम, स्थानक, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, अंतर. जुनं आहे, त्यावर विसंबून स्टेशनवर जाऊ नका; सरावाला एकदम झकास.

सेल्फ जॉइन (टेबल स्वतःलाच जोडणं) म्हणजे काय हे एम्प्लॉयी आणि मॅनेजर यांच्या उदाहरणाने मला कधीच कळलं नव्हतं. इथे पहिल्याच प्रश्नात लागतो: पुण्यात बसून मिरजेला उतरता येईल अशा गाड्या कोणत्या?

सिलेक्ट अ.गाडी
फ्रॉम थांबे अ
जॉइन थांबे ब ऑन अ.गाडी = ब.गाडी
व्हेअर अ.स्थानक = 'पुणे'
अँड ब.स्थानक = 'मिरज'
अँड अ.क्रम < ब.क्रम;

शेवटची ओळ गाळून बघा. मिरजेहून पुण्याला येणाऱ्या गाड्याही यादीत घुसतात, आणि क्वेरी मात्र तक्रार करत नाही.

पुढची पायरी प्रवासाला लागणारा वेळ. डेक्कन क्वीनला वजाबाकी सरळ येते. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री मुंबईहून निघून सकाळी कोल्हापुरात, तिथे उत्तर उणे येतं. उणे आल्यास चोवीस तास मिळवा असा उपाय सुचेल. पण मग दोन रात्री प्रवास करणाऱ्या गाड्यांचं काय? त्यावर डोकं लावा, मी सांगत नाही.

त्यानंतर एकदा गाडी बदलून पुणे ते पंढरपूर. हाच जॉइन दोनदा, मधलं स्थानक सामायिक. निकालात कुर्डुवाडी आणि मिरज ही दोन नावं तरी दिसलीच पाहिजेत, ती नसतील तर क्वेरी चुकली. कितीही वेळा गाडी बदलायची मुभा दिलीत की रिकर्सिव्ह विथ (स्वतःचाच निकाल पुन्हा वापरत जाणारी क्वेरी) आलं. तिथे बदलांच्या संख्येवर मर्यादा घाला, नाहीतर क्वेरी दौंड-पुणे-दौंड-पुणे करत बसेल आणि पंखा जोरात फिरायला लागेल.

---

रिकर्शनवेडा

रिकर्सिव्ह विथ म्हटल्यावर राहवलं नाही. एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीपानांत विथबद्दलच्या पानावर दोन अचाट उदाहरणं आहेत: एक क्वेरी सुडोकू सोडवते, दुसरी मँडेलब्रॉट सेटचं चित्र अक्षरांनी छापते. २०१४ च्या ३.८.३ आवृत्तीपासून चालतं. कामात उपयोग शून्य. सुडोकूची क्वेरी ओळीओळीने सोडवून समजावून घेण्यात एक रविवार जाईल आणि तो सत्कारणी लागेल.

डिसेंबरात ॲडव्हेंट ऑफ कोडची (प्रोग्रॅमिंगची) कोडी एसक्यूएलमध्ये सोडवणारी जमातही आहे. त्यांच्या नादी इतक्यात लागू नका.

---

जुईली_मिलपिटास

मराठीतलाच डेटा हवा असेल तर विकिपीडियासाठी क्वॅरी नावाची सोय आहे. विकिमीडियाचं खातं काढून आत गेलं की मराठी विकिपीडियाच्या डेटाबेसच्या प्रतीवर ब्राउझरमधून एसक्यूएल चालवता येतं. फक्त वाचता येतं, त्यामुळे काही बिघडवण्याची भीती नाही.

मी सर्वांत छोट्या लेखांपासून सुरुवात केली होती. नेमस्पेस शून्य (म्हणजे फक्त लेख) धरा, पुनर्निर्देशनं वगळा, पेज_लेनवर क्रम लावा. पण ही लांबी बाइटमध्ये असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. त्यामुळे इंग्रजी लेखांशी तुलना केलीत तर मराठी लेख उगाचच गुटगुटीत दिसतात.

मराठी मजकुरावर काम करताना आणखी गमती होतात. एसक्यूलाइटला साधी ऑर्डर बाय सांगितली तर तो युनिकोडच्या क्रमाने लावतो. त्या क्रमात ळ येतो ल नंतर आणि व च्या आधी, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष तर क च्या घरातच सापडतो. "क्षमा" ची लेंग्थ विचारली तर पाच.

सगळ्यात त्रास कऱ्हाडने दिला. एका यादीत "कराड", दुसऱ्या यादीत "कऱ्हाड", इथवर ठीक, डोळ्यांना दिसतं. तिसऱ्या यादीतलंही "कर्‍हाड" च होतं, पण जॉइन काही केल्या लागेना. हेक्स फंक्शन लावून बघितलं. एकात नुक्ता असलेला ऱ होता, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच. नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही ते एक होत नाहीत, रिप्लेस करूनच घ्यावं लागतं. दऱ्या, सुऱ्या, गोऱ्हे, तऱ्हा, सगळ्यांची हीच तऱ्हा.

---

पेठेतले_काका

जुईली, हे माहीत नव्हतं. सोसायटीच्या सभासद यादीतले दोन गोऱ्हे एकत्र का येत नव्हते त्याचा आज उलगडा झाला.

---

बेरकी

एवढा खटाटोप कशाला? चॅटबॉटला मराठीत सांगा, तो क्वेरी लिहून देतो. २०२५ मध्ये हाताने लॅग कोण लिहितं?

---

यॉर्कर

देतो की, आणि सहसा बरीही देतो. "पुण्याच्या संघाने एकूण किती सामने जिंकले" विचारा. तुमच्या टेबलात पुण्याची तीन नावं आहेत हे तुम्ही सांगितलं नाहीत तर तो एकच नाव धरून छान मांडणी केलेली क्वेरी देईल, ती विनाचूक चालेल आणि आकडा कमी येईल. तो कमी आहे हे ओळखायला कोणीतरी लागतं. मुक्ताताईंचा रिपोर्ट साहेबांकडे जाणार आहे, त्यावर सही बॉटची नसेल.

मी स्वतः उलटा वापर करतो. आधी आपण लिहायची, मग त्याला म्हणायचं, "यात काय चुकू शकतं ते सांग."

---

नवखा_इंजिनिअर

मला कॅम्पस मुलाखतीसाठी तयारी करायची आहे. तिथे दुसऱ्या क्रमांकाचा पगारच विचारतात हो. :(

---

चौकस

मग लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावरचे पन्नास एसक्यूएल प्रश्न करा, सुटका नाही. पण हॅट्‌ट्रिकची क्वेरी जमली असेल तर "सलग तीन दिवस लॉगिन करणारे वापरकर्ते" हा मुलाखतीतला आवडता प्रश्न घरचाच वाटेल. आणि दुसऱ्या पगाराला डेन्स रँक (सारख्या आकड्यांना एकच क्रमांक देणारं फंक्शन). दोघांचा पगार सारखा असेल तर काय करायचं, हे त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच विचारा. छाप पडते.

---

मुक्ता_नाशिक

सगळ्यांचे आभार. खून झाला, गेल झाला, संघांच्या नावांचं टेबल केलं. मिश्राच्या तिन्ही हॅट्‌ट्रिक आल्या!! नवऱ्याला दाखवलं, तो आता रोज नवा प्रश्न देतो.

ऑफिसातल्या एकाने डकडीबी सुचवलं. सीएसव्ही आयात न करता थेट फाइलवरच क्वेरी चालते, जुन्या लॅपटॉपवरही भन्नाट वेग आहे. पण एक कोडं पडलंय. नवऱ्याचा प्रश्न होता: आयपीएलमध्ये खेळलेले पण एकदाही बाद न झालेले फलंदाज कोण? मी लिहिलं, स्ट्रायकर नॉट इन (सिलेक्ट बाद_खेळाडू फ्रॉम चेंडू). एसक्यूलाइटमध्ये लांबलचक यादी आली. हीच क्वेरी डकडीबीत शून्य ओळी देते. एरर नाही, काही नाही. फाइल तीच आहे. दोघांतलं खरं कोण?

---

यॉर्कर

वा, हा खड्डा मी सांगायचा राहिला होता, तुम्ही स्वतःच गाठलात.

बहुतेक चेंडूंवर कोणी बाद होत नाही, म्हणून तो रकाना रिकामा असतो. एसक्यूलाइटमध्ये सीएसव्ही आयात करताना रिकामी जागा म्हणजे रिकामी अक्षरमाला बनली, आणि ती कोणत्याच फलंदाजाच्या नावाशी जुळत नाही, त्यामुळे काम निभावलं. डकडीबीने तीच जागा नल (माहितीच नाही) म्हणून वाचली. नॉट इनच्या यादीत एकही नल असला की "हा खेळाडू यादीत नाही" असं डेटाबेस खात्रीने म्हणूच शकत नाही. जो बाद झालाय तो यादीत सापडतो म्हणून गळतो, बाकीच्यांबद्दल उत्तर "अज्ञात" येतं, आणि व्हेअर अज्ञाताला आत घेत नाही. झाल्या शून्य ओळी. नियमाप्रमाणे डकडीबी बरोबर वागतंय, पोस्टग्रेसही असंच वागेल.

आतल्या सिलेक्टमध्ये "बाद_खेळाडू इज नॉट नल" घाला, किंवा सवयच नॉट एक्झिस्ट्सची लावून घ्या, मी तेच करतो. जाता जाता एसक्यूलाइटमध्ये काउंट(बाद_खेळाडू) चालवून बघा, एकूण चेंडूंइतके बळी दिसतील. कारण तेच. तिथे नलइफ लावून रिकाम्या जागा आधीच नल करून ठेवलेल्या बऱ्या.

आणि यादी अजून अपुरी आहे. तुम्ही स्ट्रायकरचाच रकाना घेतलाय. शेवटी येऊन एकही चेंडू न खेळता नाबाद परतलेला त्यात येणार नाही. नवरोबांनी पकडायच्या आत नॉन-स्ट्रायकरचा रकाना युनियनने जोडून घ्या.